म्हातारपणाची सावड



सावड म्हणजे काय, हे तुम्हाला समजावून सांगायला बसलो तर तुम्ही मलाच हसाल. आज माझ्या रानात तुमच्या घरच्या दोन बाया खुरपायला आल्या, की उद्या माझ्या घरच्या दोन बाया तुमच्या रानात. पैशाचा संबंध नाही. दिवसाला दिवस. कुठे याला पैरा म्हणतात, कुठे आणखी काही. नांगरट अडली की इर्जिक घालायची. शेजारपाजारची सात-आठ औते सकाळी रानात उतरायची, दिवसभरात तुकडा उलटून काढायचा आणि धन्याने सर्वांना पोटभर जेवू घालायचे. ट्रॅक्टर आला तशी इर्जिक मागे पडली. रोखीची मजुरी आली तशी सावडही कमी झाली. तरीपण भातलावणीला आणि कांदालागणीला ती आजही अनेक गावांत दिसते.

गेली तीस वर्षे मी गावोगाव हिंडून बियाणे, खते, माती-परीक्षण आणि ठिबक यांविषयी सांगत आलो. आज मात्र पिकाविषयी लिहिणार नाही. ज्यांनी आपल्याला तिफण धरायला शिकवली, त्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांविषयी लिहिणार आहे. शेताची सावड आपल्याला ठाऊक आहे, तीच सावड त्यांच्यासाठी का धरू नये, एवढाच माझा प्रश्न आहे.

बारा पावलांवरचे घर

आधी माझ्या घरचीच गोष्ट सांगतो. माझे वडील गावी एकटे राहत. आईला जाऊन चार वर्षे झाली होती. मी नोकरीमुळे दुसऱ्या जिल्ह्यात, धाकटा भाऊ पिंपरीला कारखान्यात. ‘‘आमच्याकडे या’’ असे दोघेही म्हणत असू. वडील येत, आठ दिवस राहत आणि नवव्या दिवशी पिशवी भरून ठेवत. म्हणत, ‘‘तुमच्या खिडकीतनं दुसऱ्याची खिडकीच दिसते. मला आभाळ बघायची सवय आहे रे.’’

आषाढातली रात्र होती, पावसाची. वडील मोरीत गेले आणि शेवाळलेल्या फरशीवर घसरून पडले. खुब्याचे हाड मोडले. फोन बाहेर खुंटीला अडकवलेल्या पिशवीत. रात्रभर ते तिथेच ओल्यात पडून राहिले. शेजारचे घर बारा पावलांवर. मी नंतर मोजून पाहिली. शेजारी भला माणूस, हाकेसरशी धावून आला असता. पण वडिलांनी हाकच मारली नाही. पुढे विचारले तर म्हणाले, ‘‘दिवसभर चिखलात राबलेली माणसं. रात्रीचं कशाला उठवायचं?’’

सकाळी मी नेहमीप्रमाणे फोन केला. उचलला नाही. अंघोळीला गेले असतील असे समजून मी शिवारफेरीला निघून गेलो. शेजाऱ्यालाही वाटले, पाऊस आहे, म्हातारा अजून पांघरुणात असेल. दहा वाजता दूध घालणारा पोरगा आला तेव्हा कळले. त्यानंतर वडील आठ महिने माझ्या घरी खाटेवर होते. मग गेले.

मी त्या शेजाऱ्याला कधी दोष दिला नाही. त्याने आमच्या वडिलांकडे रोज सकाळी डोकावावे, असे त्याला कोणी सांगितले होते? मी सांगितले नव्हते. वडिलांनी मागितले नव्हते. मदत करायला माणसे तयार होती, मदतीची गरज होती आणि मध्ये बारा पावलांचे अंतर होते. ते अंतर माणसांच्या चांगुलपणाने आपोआप तुटत नाही, त्याला काही रीत बांधावी लागते. हे मला उशिरा कळले. तुम्हाला वेळेवर कळावे म्हणून लिहितो आहे.

गावात कोण उरले?

तुमच्याच आळीतले उंबरे मोजा. किती घरांत फक्त म्हातारा-म्हातारी आहेत? किती घरांत एकटी आजी आहे? २०११ च्या जनगणनेत आपल्या देशात साठ वर्षांवरील माणसे १० कोटी ३८ लाख होती. त्यांतली दहापैकी सात खेड्यांत राहत होती. तेव्हापासून ही संख्या वाढतच गेली आहे. मुले शिकली आणि पुण्या-मुंबईला गेली, यात वाईट काही नाही. आपणच त्यांना शिकवले. पण जाताना ती जी लहानसहान कामे हातावेगळी करीत होती, ती गावातच राहिली. दळण आणणे, गोळ्यांची चिठ्ठी वाचणे, विजेचे बिल भरणे, म्हशीपुढे वैरण टाकणे. म्हाताऱ्या माणसाचे घर सुटते ते बहुधा मोठ्या दुखण्याने नव्हे, या बारीक कामांनीच. दळण आणायला कोणी नाही, म्हणून चहा-बिस्किटावर दिवस निघतो. त्यातून अशक्तपणा येतो, अशक्तपणातून पडणे, आणि मग घराला कुलूप.

एका वाडीने काय केले

माझ्या कामाच्या टापूत बावीस उंबऱ्यांची एक वाडी आहे. ‘‘आमचं नाव छापू नका, साहेब’’ असे तिथल्या मंडळींनी बजावले आहे, म्हणून नाव सांगत नाही. बावीसपैकी नऊ घरांत फक्त म्हातारी माणसे.

सुरुवात एका आक्कांपासून झाली. त्यांच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली. दिवसातून चार वेळा डोळ्यांत थेंब घालायचे, तेही कित्येक आठवडे. स्वतःचे हात थरथरतात, आणि कोणाला सांगणे जिवावर येते. समोरच्या घरची सून म्हणाली, ‘‘आक्का, मी थेंब घालते. तुम्ही माझं पोरगं दुपारपर्यंत सांभाळा, म्हणजे मला कांदा लावायला जाता येईल.’’ आक्कांच्या डोळ्यांची काळजी मिटली आणि सुनेचा रोज बुडाला नाही. कट्ट्यावर ही गोष्ट निघाली तेव्हा कोणीतरी म्हणाले, ‘‘अरे, ही तर सावडच झाली.’’

तिथून पुढे वही आली. त्या वहीचे मुख्य कलम एकच आहे. तासाला तास. थेंब घालण्याचा तास, वैरण कापण्याचा तास, अर्ज लिहिण्याचा तास, सर्वांचे मोल सारखे. मी शहाणपणाने सुचवले होते की जड कामाचे दोन तास धरावेत. मंडळींनी ते नाकारले. एक वडीलधारे म्हणाले, ‘‘साहेब, भाव ठरवायला गेलो तर बाजार होईल. तास तो तास.’’ त्यांचेच बरोबर होते.

‘‘मी कुणाचा मिंधा होणार नाही’’

वाडीतले एक नाना मात्र वहीत यायला तयार नव्हते. वय ऐंशीच्या घरात, घरात एकटे, गुडघे गेलेले. शेजारणीने भाजी-भाकरी पाठवली की ताट परत जायचे. ‘‘उभ्या जन्मात कुणाचा मिंधा झालो नाही, आता मरताना होऊ?’’ असा त्यांचा सवाल. या सवालाला ‘‘राहू द्या हो नाना, आपलंच घर आहे’’ हे उत्तर पुरत नाही. म्हाताऱ्या माणसाला भाकरीपेक्षा मान मोठा असतो.

मग एकाला सुचले. नानांचा हात विळ्या-खुरप्यांना धार लावण्यात पक्का. बसल्या जागी होणारे काम. वाडीतली सर्व विळे-खुरपी शनिवारी त्यांच्या ओसरीवर जाऊ लागली. नाना धार लावतात, वहीत तास चढतात आणि त्या तासांच्या हिशोबात त्यांना रोजचा डबा आणि आठवड्याचे दळण मिळते. आता डबा यायला उशीर झाला तर नाना काठी आपटून विचारतात. ते रागावतात तेव्हा मला बरे वाटते. ज्याचा हक्क असतो तोच रागावतो.

सावडीचे मर्म इथेच आहे. म्हातारी माणसे म्हणजे नुसता घेणाऱ्यांचा मेळा नव्हे. ती काय काय देऊ शकतात, ते पाहा :

पोरे सांभाळणे आणि शाळेतून आल्यावर त्यांना जेवू घालणे, धान्य पाखडणे, निवडणे, बियाण्यासाठी कणसे आणि शेंगा निवडून ठेवणे, लसूण सोलणे, शेंगा फोडणे, गोधडी शिवणे, सुंभ-दोर वळणे, पापड-कुरडयांच्या वेळी वाळवणावर लक्ष ठेवणे, शेजारचे घर बंद असताना किल्ली सांभाळणे आणि आल्यागेल्याला निरोप देणे, गाभण गाय-म्हैस व्यायला झाली तर ओळखणे, बाळंतिणीजवळ बसणे. आणि ज्याला यातले काही होत नाही, त्यानेही दुसऱ्या एकट्या माणसाजवळ तासभर बसून चार गोष्टी केल्या, तर तोही तासच.

सावड कशी सुरू करावी

सारे गाव एकदम घेऊ नये. नवे वाण आपण आधी दोन गुंठ्यांवर करून पाहतो, तसेच हे.

१. हाकेच्या अंतरावरची आठ ते पंधरा घरे धरावीत. आळी असो, वाडी असो, की मळ्यातल्या वस्त्या असोत. वस्त्या लांब असतील तर तीन-चार वस्त्यांचाच एक गट करावा.

२. एका संध्याकाळी सर्वांनी बसावे. बायकांना जरूर बोलवावे, कारण कोणाच्या घरी चूल पेटली नाही हे त्यांनाच आधी कळते. प्रत्येकाने दोनच गोष्टी सांगाव्यात. मला काय लागते, आणि मला काय देता येते. म्हातारी माणसे पहिली गोष्ट सांगणार नाहीत. म्हणून दुसरी आधी विचारावी.

३. एक वही घालावी. पाच रकाने पुरेत. तारीख, काम कोणी केले, कोणाकडे केले, काय काम, किती तास. उदाहरणार्थ : ‘सोमवार. वरच्या घरची सून. आक्कांकडे. दळण आणले, पाणी भरले. १ तास.’ खाली : ‘मंगळवार. आक्का. वरच्या घरी. पोर सांभाळले. ३ तास.’ आमच्या वाडीत ही वही नववीतली एक मुलगी लिहिते. तिला त्याचे तास मिळतात, आणि तिच्या आजोबांना ते वापरता येतात.

४. फेड त्याच घराकडून झाली पाहिजे असे नाही. मी तुमचे केले, तुम्ही तिसऱ्याचे करा, तिसरा माझ्या आईचे करील. वाडीची वही एकच.

५. हिशोब वर्षातून एकदा वाचावा. सालगड्याचे साल आपण पाडव्याला बदलतो, त्याच दिवशी ही वहीही सर्वांपुढे वाचावी. ज्याच्याकडे तास फिरले असतील त्याने पुढे फेडावेत. पण जो अंथरुणाला खिळला आहे, त्याचे तास वाचू नयेत, माफ करावेत. सावकारी वही आणि ही वही यांत एवढा फरक असलाच पाहिजे.

६. सुगीत कोणाला उसंत नसते, हे आधीच धरून चालावे. घर शाकारणे, मोरी दुरुस्त करणे, सरपण फोडून ठेवणे, तालुक्याला नेऊन डोळे आणि दात तपासून आणणे, ही कामे उन्हाळ्यात उरकावीत. पेरणी आणि सुगीच्या दिवसांत फक्त रोजचे डोकावणे, डबा आणि औषध एवढेच चालू ठेवावे. पण ते मात्र एक दिवसही चुकवू नये.

सडा पडला का?

सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत मोलाचे काम म्हणजे रोज सकाळची खूण. आमच्या वाडीत म्हाताऱ्या बाया सकाळी दारात सडा घालतात. सात वाजून गेले आणि सडा दिसला नाही, की शेजारीण हाक मारते. एकट्या पुरुषांनी सकाळी पंचा दोरीवर टाकायचा. पंचा नसेल तर शाळेला जाणारे पोर ‘‘आबाऽ’’ म्हणून ओरडते. ओ आली नाही तर दार वाजवायचे. दार उघडले नाही तर दुसरी किल्ली शेजारी असतेच. म्हणून म्हाताऱ्या माणसांनी रात्री आतून खिट्टी घालण्याऐवजी बाहेरून किल्लीने उघडेल असे कुलूप बसवून घ्यावे. याला पाच मिनिटेही लागत नाहीत. माझ्या वडिलांच्या दारात ही रीत असती, तर ते दहापर्यंत ओल्यात पडून राहिले नसते.

घरातल्या या गोष्टी करून घ्या

सावडीतल्या तरण्या पोरांनी एक रविवार काढावा आणि प्रत्येक म्हाताऱ्या माणसाच्या घरी एवढे करून द्यावे :

मोरीतले शेवाळ खरवडून काढावे. गुळगुळीत फरशी असेल तर टाकीने खरबरीत करावी. भिंतीला कमरेच्या उंचीवर लोखंडी नळीचा तुकडा पक्का बसवावा, धरून उठायला. खाटेपासून मोरीपर्यंतच्या वाटेत सतरंजी, घमेले, वायर काही नको. त्या वाटेवर रात्रभर जळणारा लहान दिवा हवा. पावसाळ्यात रात्रीपुरते भांडे खोलीतच ठेवावे, त्यात लाज कसली? झोपेतून एकदम उठू नये. काठावर मिनिटभर बसावे आणि मग उभे राहावे. झिजलेली चप्पल टाकून द्यावी. फोन खुंटीला न ठेवता गळ्यात किंवा कमरेला असावा.

एक गोष्ट मी आमच्या खात्यातला माणूस म्हणून कळकळीने सांगतो. कीटकनाशकाची बाटली आणि खोकल्याच्या औषधाची बाटली एका कोनाड्यात कधीही ठेवू नये. म्हातारपणी नजर अधू होते आणि अंधारात बाटल्या सारख्याच दिसतात. फवारणीची औषधे घराबाहेर, कुलपात ठेवावीत. उरलेले औषध दुसऱ्या बाटलीत ओतून ठेवू नये.

वयाबरोबर तहान कमी लागते, पण शरीराला पाणी लागतेच. सकाळी तांब्या-कळशी भरून समोर ठेवावी आणि संध्याकाळी किती संपले ते पाहावे. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या दुखण्यासाठी डॉक्टरांनी पाणी मोजून प्यायला सांगितले असेल, तर त्यांचेच ऐकावे. जुलाब झाले तर लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून थोडे थोडे पाजावे. चमचा चहाचा, आणि सपाट.

शेजाऱ्याने ओळखावी अशी तीन लक्षणे

आपण डॉक्टर नव्हे. औषध आपल्या मनाने देऊ नये, बंदही करू नये, एकाच्या गोळ्या दुसऱ्याला चालवू नयेत. पण पुढील तीन गोष्टी सावडीतल्या प्रत्येकाला ठाऊक असाव्यात.

पहिली : तोंड एका बाजूला वाकडे झाले, एक हात उचलत नाही, बोलणे बोबडे झाले, तर हा अर्धांगाचा झटका असू शकतो. लसणाचा रस, नस्य, अंगारा यांत वेळ घालवू नये. तोंडात काही घालू नये. रक्ताची गाठ विरघळवणारे इंजेक्शन साधारण पहिल्या साडेचार तासांतच देता येते, तेही तपासणीचे यंत्र असलेल्या दवाखान्यात. लक्षण किती वाजता दिसले ते लिहून घ्यावे आणि लगेच निघावे.

दुसरी : मधुमेहाच्या गोळ्या किंवा इंजेक्शन घेणाऱ्याला एकाएकी घाम सुटला, थरकाप झाला, तो असंबद्ध बोलू लागला, तर साखर उतरली असावी. शुद्धीवर असेल तर तीन-चार चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजावी. शुद्ध नसेल तर तोंडात काहीही घालू नये, दवाखाना गाठावा.

तिसरी : पडल्यावर खुब्यात कळ येते, पाय टेकवत नाही, तर चोळू नये, ओढू नये, उभे करून पाहू नये. आहे तसे फळीवर किंवा खाटेवर घेऊन न्यावे.

या तिन्ही वेळी १०८ क्रमांकाला फोन करावा. हा क्रमांक आणि मुलाचा क्रमांक मोठ्या अक्षरांत दाराच्या आत भिंतीवर लिहून ठेवावा. आशाताईंना सावडीच्या पहिल्याच बैठकीला बोलवावे. रक्तदाब आणि साखर तपासायला उपकेंद्रात कोणत्या दिवशी यायचे, ते त्या सांगतील.

कागदपत्रांची सावड

कित्येकांचे हक्काचे पैसे आणि सवलती केवळ कागदाअभावी राहून जातात. गावातल्या शिकलेल्या मुलामुलींनी हे तास द्यावेत. श्रावणबाळ योजनेचे निवृत्तिवेतन ६५ वर्षांवरील गरजू वृद्धांसाठी आहे. त्यासाठी खाते आधारला जोडलेले असावे लागते आणि दर वर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. तो राहिला की पैसे थांबतात. ६५ वर्षांपुढे एस. टी. चे भाडे अर्धे आहे, आणि ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षे पूर्ण झालेल्यांना ते पूर्ण माफ आहे. ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षे आणि त्यापुढील सर्वांना, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान भारत योजनेखाली कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचे कार्ड काढता येते. अडचण सांगायला वृद्धांसाठी १४५६७ हा मदतीचा क्रमांक आहे.

आणि मुले सांभाळतच नसतील तर? २००७ चा कायदा आहे. त्याखाली आई-वडिलांना प्रांतसाहेबांच्या न्यायाधिकरणापुढे पोटगी मागता येते. जमीन किंवा घर मुलाच्या नावे करताना ‘सांभाळ करण्याच्या अटीवर’ असे कागदात स्पष्ट लिहून घ्यावे. अट मोडली तर तो व्यवहार रद्द करून मागण्याची तरतूद याच कायद्यात, कलम २३ मध्ये आहे.

सांभाळून चाला

आमच्या वाडीत सारे गोडच झाले असे नाही. दुसऱ्या वर्षी एका तरुणाने एका आजींकडून हातउसने पैसे घेतले आणि परत केले नाहीत. आजी कोणाला बोलल्या नाहीत, पण त्यांनी सडा घालणे सोडले. शेजारणीने खोदून विचारले तेव्हा कळले. वाडी बसली, पैसे परत झाले, आणि वहीच्या पहिल्या पानावर नियम चढला : सावडीत पैशाची देवघेव नाही, कोऱ्या कागदावर सही-अंगठा नाही, एटीएमचा आकडा कोणी विचारायचा नाही. तुम्ही हा नियम पहिल्याच दिवशी लिहा.

दुसरे, सगळा भार सुनांवर टाकू नका. वही नीट वाचली तर कोणाच्या नावापुढे तास चढतात ते दिसते. वैरण, सरपण, दळण, दवाखाना, ही पुरुषांची कामे धरावीत. एवढेच नव्हे, जेवण रांधले तर तेही पुरुषांना चिकटत नाही.

तिसरे, सावडीत वस्ती आणि जात पाहू नका. रात्री दोनला जो उठून येतो, तो कोणत्या आळीचा हे पडलेला माणूस विचारत नाही.

चौथे, सावडीची शक्ती ओळखा. पूर्ण अंथरुणावर असलेल्या माणसाला कूस बदलणे, पुसणे, भरवणे, हे रोजचे काम शेजारी वर्षानुवर्षे करू शकत नाहीत. तिथे मुलांनी आले पाहिजे. सावड मुलांची जागा घेत नाही, ती मुले येईपर्यंत दार उघडे ठेवते. बाहेरगावच्या मुलांनाही वहीत घ्यावे. सुट्टीला आले की त्यांनी वाडीसाठी दोन दिवस द्यावेत. आमच्या वाडीत गणपतीला आलेल्या मुलांनी नऊही घरांच्या मोऱ्या दुरुस्त केल्या.

ही काही आपल्याच खेड्याची वेडगळ कल्पना नव्हे. जपानातील ओसाका शहरात तेरुको मिझुशिमा नावाच्या बाईंनी १९७३ साली श्रमाची बँक सुरू केली. बायकांनी एकमेकींसाठी केलेल्या कामाचे तास जमा होत आणि पुढे आपल्या गरजेला काढता येत. त्यांना बँक घालावी लागली. आपल्याकडे बापजाद्यांपासून सावड आहे, तिला फक्त बांधावरून ओसरीवर आणायचे आहे.

शेवटी एकच सांगतो. माझे वडील गेले, त्यांना गावी नेले. तिसऱ्या दिवशी राख सावडायला चाळीसेक माणसे आली. कामे टाकून आली, बांधावरून चालत आली. शेजारी माझ्याजवळ येऊन म्हणाला, ‘‘एक हाक मारली असती रे त्यांनी.’’ मी काही बोलू शकलो नाही. पण तेव्हापासून माझ्या मनात आहे की आपल्या भाषेत शब्द एकच आहे. शेतात सावड, आणि माणूस गेल्यावर सावडणे. दोन्हींना आपण न बोलावता जातो. मग मधली जी वर्षे माणूस ओसरीवर बसून वाट पाहतो, ती तेवढी का सोडावीत?

उद्या सकाळी चहा घेऊन झाला, की शेजारच्या दाराकडे पाहा. सडा पडला आहे का? पंचा दोरीवर आहे का? नसेल तर हाक मारा. असेल तरीही मारा. वही काय, संध्याकाळी घालता येईल.